घरचे कार्य, संगीत आणि कायदा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत उरला येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण कार्यकारिणीने मला दिले, त्या वेळी विषयही तिनेच मुक्रर करून ठेवलेला होता. ह्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकले, नाट्यसंगीताचा इतिहास ऐकला, छत्तीसगडातील भोसल्यांच्या राजवटीवरील विवेचन ऐकले. त्या मानाने माझ्या वाट्याला आलेला विषय रुक्ष आहे. आपल्या घरच्या कार्यात, वाढदिवसात, स्नेहसंमेलनात गाणी वाजवावयाची असतील तर कायदा काय म्हणतो, एवढाच तो विषय. मी वकील नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि नियम, पोटनियम, परंतुके व स्पष्टीकरणे ह्यांच्या सहवासात माझी हयात गेली. त्या सवयीच्या बळावर चार गोष्टी आपल्यापुढे मांडतो.

हा विषय कार्यकारिणीला का सुचला, ते आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. गेल्या लग्नसराईत दोन प्रसंग घडले. आपल्या एका सभासदांच्या मुलीचा स्वागतसमारंभ शहरातील एका हॉटेलात ठरला होता. पत्रिका वाटून झाल्या, आचारी ठरला, आणि कार्य दोन दिवसांवर आले असता व्यवस्थापनाने कळविले, की गाण्यांच्या परवान्याचे पैसे भरा, अन्यथा संगीत वाजणार नाही. मुलीच्या बापाने त्या घाईत काय करावे? त्यांनी पैसे भरले. दुसरा प्रसंग आपल्याच सभागृहातला. एका वाढदिवसासाठी सभागृह भाड्याने दिलेले होते. रात्रीचे साडेदहा वाजून गेले तरी गाणी चालूच होती. मागच्या वसाहतीतील एक गृहस्थ फाटकाशी येऊन उभे राहिले. रोलिंग मिलमध्ये काम करणारा तो माणूस. पहाटेच्या पाळीला जावयाचे होते. तो भांडला नाही. हात जोडून एवढेच म्हणाला, की घरात कोणाचा डोळा लागत नाही.

पहिल्या प्रसंगी आपल्याला वाटले, की कायदा आपल्यावर अन्याय करतो आहे. दुसऱ्या प्रसंगी आपण स्वतःच कायद्याच्या विरुद्ध बाजूस उभे होतो. दोन्ही प्रसंग एकत्र ठेवून पाहिले, तर संपूर्ण विषयाचे सूत्र हाती येते. घरचा आनंद घरापुरता असतो तोवर कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो. तो उंबरा आनंद दोन मार्गांनी ओलांडतो. एक व्यवहाराचा आणि दुसरा आवाजाचा. व्यवहाराने ओलांडला, की कायदा विचारतो, हे गाणे कोणाचे? आवाजाने ओलांडला, की तो विचारतो, हा कान कोणाचा? आज मी ह्या दोन प्रश्नांपुरतेच बोलणार आहे.

प्रथम गाण्याची मालकी. पुष्कळांना हा हक्क म्हणजे अलीकडचे खूळ वाटते. वस्तुतः त्याची कथा पावणेदोनशे वर्षांची आहे. १८४७ साली पॅरिसमधील एका प्रसिद्ध उपाहारगृहात एर्नेस्ट बुर्जे नावाचा गीतकार-संगीतकार आपल्या मित्रांसह बसला होता. तेथील वादक त्याचीच रचना वाजवीत होते. साखरपाण्याचे देयक पुढे आले तेव्हा त्याने ते देण्याचे नाकारले. तुम्ही माझे संगीत फुकट वापरता, तर मी तुमचे साखरपाणी फुकट पितो, असा त्याचा सरळ हिशेब होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल बुर्जेच्या बाजूने लागला. त्यातूनच १८५१ मध्ये फ्रान्समधील गीतकार-संगीतकारांची, मोबदला गोळा करून वाटणारी संस्था उभी राहिली. जगभरच्या अशा संस्थांची ती आद्य जननी होय.

आपल्याकडे स्वतंत्र भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ साली संमत झाला आणि जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. ह्या कायद्याच्या दृष्टीने एक गाणे म्हणजे एक वस्तू नसून तीन वस्तू असतात. शब्द ही एक, चाल ही दुसरी, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. लता मंगेशकरांनी गायिलेले आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेले ज्ञानेश्वरांचे अभंग आपल्या घरोघरी आहेत. त्यांतील शब्द सातशे वर्षांपूर्वीचे; त्यांवर कोणाचाही प्रताधिकार नाही, ते अवघ्या महाराष्ट्राचे आहेत. परंतु चाल ही विसाव्या शतकातील एका संगीतकाराची निर्मिती आहे, आणि तबकडीवरील ध्वनिमुद्रण हे आणखी निराळे धन आहे. म्हणून 'माउलीच्या अभंगाला कसला परवाना?' हा प्रश्न भाविक असला तरी कायदेशीर दृष्ट्या अपुरा ठरतो. तोच अभंग आपल्या भजनी मंडळाने पारंपरिक चालीवर म्हटला, तर मात्र कोणाला काही विचारावयास नको.

हे हक्क अमर नसतात. शब्द आणि चाल ह्यांवरील अधिकार निर्मात्याच्या हयातीपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरील अधिकार ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे. ह्या हिशेबाने १९६४ पर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे आता मोकळी झाली आहेत. त्यांतील शब्द व चाल मात्र त्यामुळे आपोआप मोकळे होत नाहीत. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, तेव्हा 'सौभद्रा'तील पदे कधीच मुक्त झाली. 'मानापमाना'चे कर्ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये निवर्तले आणि त्याला संगीत देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. ती पदेही आज कोणीही गावीत. परंतु 'गीतरामायण'? १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीने ते घरोघरी पोहोचविले आणि ते आपल्या इतके अंगवळणी पडले, की ते कोणा एकाचे आहे हेच आपण विसरतो. ग. दि. माडगूळकर १९७७ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्या शब्दांवरील अधिकार २०३७ च्या अखेरीपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ साली गेले; त्यांच्या चालींवरील अधिकार २०६२ पर्यंत चालेल.

आता आपण म्हणाल, मग रामनवमीला मंडळात 'गीतरामायण' म्हणावयाचे नाही काय? अवश्य म्हणावयाचे, आणि निर्धास्तपणे म्हणावयाचे. कायद्याने जशी मालकी निर्माण केली, तशाच सवलतीही ठेवल्या आहेत, आणि त्या आपल्यासारख्या मंडळांचा विचार करूनच ठेवल्या आहेत. परंतु त्या समजावयाच्या तर आधी 'सार्वजनिक' कशाला म्हणावे, हे पाहावे लागते. कारण कायद्याला हरकत आहे ती जनतेपुढे सादर करण्याला. घरात गुणगुणण्याला नव्हे.

ह्या प्रश्नावर दोन जुने इंग्रजी निवाडे उद्बोधक आहेत. लंडनच्या गाइज रुग्णालयात परिचारिका व डॉक्टर मंडळींच्या करमणुकीसाठी हौशी नटांनी एक नाटक केले. लेखकाच्या हक्काचा भंग झाला असा दावा झाला. १८८४ साली न्यायालयाने ठरविले, की हा रुग्णालयाच्या कुटुंबातील घरगुती प्रयोग होता. भंग झालेला नाही. पुढे एका खेड्यातील महिला मंडळात शेजारच्या गावच्या महिलांनी एकांकिका केली. प्रेक्षक केवळ सभासद, तिकीट नाही. तरीही १९३६ साली न्यायालयाने तो प्रयोग सार्वजनिक ठरविला. दोहोंत फरक कोठे होता? न्यायाधीशांनी प्रेक्षकांची संख्या मोजली नाही. ते एकमेकांशी घरच्यासारख्या नात्याने बांधलेले आहेत, की एरवी लेखकाला पैसे मोजून नाटक पाहणारा जो समाज, त्याचाच हा एक तुकडा आहे, हा विचार त्यांनी केला. आपल्याकडे १९८९ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सुजाता मनोहर ह्यांच्यासमोर केबलवरून घरोघर दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांचे प्रकरण आले, तेव्हा त्यांनीही ह्याच कसोटीचा आधार घेतला. प्रत्येक प्रेक्षक स्वतःच्या घरात बसलेला असला, तरी सगळे मिळून ती जनताच होय, असा तो निर्णय होता.

ह्याचा आपल्यापुरता अर्थ असा. घरच्या ओसरीवर, गच्चीवर, आप्तेष्ट आणि स्नेही जमवून वाढदिवस केला आणि गाणी लावली, तर त्यात प्रताधिकाराचा प्रश्न उद्भवत नाही. पण 'आम्ही सगळे मराठी, सगळे एकाच मंडळाचे, म्हणून हे खासगीच' हा युक्तिवाद एकटा पुरेसा पडत नाही. दीडशे कुटुंबांचे मंडळ हे कुटुंब आहे असे आपण प्रेमाने म्हणतो. न्यायालय ते प्रेमाने ऐकेल, पण तसेच मान्य करील असे नाही.

येथे त्या सवलती कामास येतात. त्या कायद्याच्या ५२ व्या कलमात आहेत. पहिली अशी, की नफ्यासाठी न चालविलेल्या क्लबाने किंवा तत्सम संस्थेने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रित गाणी ऐकविली, तर तो भंग नव्हे. दुसरी, हौशी संस्थेने पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ नाटक वा संगीत सादर केले, तर तोही भंग नव्हे. तिसरी, वसाहतीतील रहिवाशांसाठी असलेल्या सामाईक दालनात सोय म्हणून गाणी लावली, तर तीही चालतात; हॉटेल किंवा तत्सम व्यापारी जागेला मात्र ही सवलत नाही. आपल्या सभासदांनी रामनवमीला विनामूल्य 'गीतरामायण' गाणे, कोजागरीला जुन्या गीतांची मैफल जमविणे, हळदीकुंकवाच्या वेळी मंडळात गाणी लावणे हे सारे ह्या सवलतींच्या छत्राखाली येते. मात्र तिकीट लावले, किंवा मानधन देऊन व्यावसायिक वाद्यवृंद बोलावला, की ते छत्र डोक्यावरून सरकू लागते. त्या वेळी परवाना घेणे हाच सरळ मार्ग. शब्द आणि चाल ह्यांसाठी १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे. पुष्कळ कंपन्यांच्या ध्वनिमुद्रणांसाठी १९४१ पासूनची फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड आहे. दोन्हींचे हक्क वेगळे असल्याने एकाचा परवाना दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. हल्ली आपण मोबाइलवर गाणी ऐकतो आणि त्यासाठी मासिक वर्गणीही भरतो. ती वर्गणी आपल्या स्वतःच्या ऐकण्यासाठी असते. ती भरली म्हणून शंभर माणसांच्या सभागृहात तेच गाणे वाजविण्याचा परवाना मिळत नाही.

आता लग्नाकडे वळू. कारण आपल्या सभासदांना झळ लागली ती तेथे. १९९४ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५२ व्या कलमात नवीन उपकलम आले. कोणत्याही प्रामाणिक धार्मिक विधीच्या ओघात, किंवा सरकारी समारंभात, संगीत सादर केले वा ध्वनिमुद्रण ऐकविले तर तो भंग मानला जाणार नाही. त्याखाली स्पष्टीकरण जोडलेले आहे, की धार्मिक विधीमध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक उत्सव ह्यांचाही समावेश होतो. एवढे स्पष्ट शब्द असूनही देशभर वाद झाले. लग्नाशी निगडित म्हणजे नेमके काय? वरात निश्चित. स्वागतसमारंभ? आदल्या रात्रीचे संगीत? मोठ्या हॉटेलातील, प्रकाशझोतांची, व्यावसायिक डीजेची नृत्यरजनी? एका टोकाला स्पष्ट होकार आहे. दुसऱ्या टोकाकडे जावे तसा तंटा वाढत जातो.

ह्या तंट्यात सरकारने परिपत्रकांनी शांतता आणण्याचा प्रयत्न केला. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर सूचना काढली. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती रद्द केली. २४ जुलै २०२३ रोजी त्याच विभागाने पुन्हा सूचना काढून हक्कसंस्थांना बजावले, की लग्नसमारंभांच्या बाबतीत ह्या उपकलमाविरुद्ध वर्तन करू नये, आणि जनतेलाही सांगितले, की गैरवाजवी मागण्या मान्य करू नयेत. त्यानंतर ३० जानेवारी २०२४ रोजी गोवा सरकारने त्याच आशयाचे परिपत्रक काढले. गोवा म्हणजे आज देशभरच्या श्रीमंत लग्नांचे माहेरघर. तेथे हा प्रश्न सर्वांत जास्त पेटणे स्वाभाविक होते. हक्कधारक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरविले. कायद्याने दिलेल्या हक्काची किंवा सवलतीची कक्षा परिपत्रकाने बदलता येत नाही, हा त्यातील धडा. परिपत्रके काढण्यात आणि पाळण्यात ज्याची चाकरी गेली, त्या माझ्यासारख्याने तो नम्रपणे शिरोधार्य मानला पाहिजे.

परंतु ह्या निकालाचा विपरीत अर्थ काढू नये. रद्द झाले ते परिपत्रक. कायद्यातील सवलत जागच्या जागी आहे. आपल्या मुलीच्या लग्नात, वरातीत, लग्नाला जोडून होणाऱ्या घरगुती समारंभात गाणी लावली, तर आपण कायद्याच्या शब्दांवर उभे आहोत. तेव्हा हॉटेलवाल्याने पैसे मागितले, तर तीन गोष्टी कराव्यात. मागणी लेखी मागावी. ती कोणत्या संस्थेच्या वतीने आणि कोणत्या हक्कापोटी आहे हे विचारावे. आणि ५२ व्या कलमाचा, लग्नाच्या स्पष्टीकरणाचा उल्लेख करून लेखी उत्तर द्यावे. सर्वांत उत्तम म्हणजे हे सर्व जागा ठरविताना, आगाऊ रक्कम देण्यापूर्वी करावे. दोन दिवस आधी कोणताही बाप युक्तिवाद करू शकत नाही. दोन महिने आधी करू शकतो.

वाढदिवस, निवृत्तीचा समारंभ, लग्नाचा रौप्यमहोत्सव हे मात्र ह्या स्पष्टीकरणात बसत नाहीत. ते घरी केले तर प्रश्न नाही. हॉटेलात केले, तर जागेच्या मालकाकडे परवाना आहे काय, हे विचारणे इष्ट. कारण नफ्यासाठी आपली जागा अशा वापराला देणारा मालकही कायद्याच्या ५१ व्या कलमाखाली जबाबदार धरला जाऊ शकतो. हे वाक्य आपल्या मंडळानेही ऐकून ठेवावे. आपण सभागृह भाड्याने देतो. भाडेकरूचा कार्यक्रम हा मंडळाचा उपक्रम नव्हे. मंडळाची सवलत त्याला उसनी देता येत नाही. भंगाची शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड अशी आहे. व्यापारी लाभासाठी नसलेल्या प्रकरणात न्यायालय कारणे नोंदवून ती कमी करू शकते. घरगुती समारंभावर हे संकट कोसळेल असे मी म्हणत नाही. पण पन्नास वर्षे जपलेल्या संस्थेच्या नावाला नोटिशीचा डाग लागणे, हीच आपल्याला मोठी शिक्षा नव्हे काय?

येथे कोणी म्हणेल, की हे पैसे शेवटी बड्या कंपन्यांच्याच खिशात जातात. एके काळी ह्या म्हणण्यात तथ्य होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की चित्रपटासाठी मोबदला घेऊन चाल बांधून दिली, की एरवी करार नसल्यास हक्क निर्मात्याचा. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी गायकाला कायद्यात काहीच स्थान नाही ह्याबद्दल खेद प्रकट केला. त्याच्याही पूर्वी, साठीच्या दशकाच्या आरंभी, लता मंगेशकरांनी गायकांच्या मानधनाव्यतिरिक्तच्या हक्कासाठी आवाज उठविला होता आणि त्यापायी मोहम्मद रफींशी त्यांचे काही काळ बिनसले होते. अखेरीस २०१२ साली कायदा बदलला. जावेद अख्तर त्या वेळी राज्यसभेत होते आणि त्यांनी हा प्रश्न लावून धरला. आता गीतकार-संगीतकारांना आपल्या स्वामित्वधनाचा वाटा परस्पर सोडून देता येत नाही, आणि गायकांचाही वाटा मान्य झाला आहे. म्हणजे आज परवान्यापोटी दिलेल्या रुपयातील काही आणे कवीच्या आणि संगीतकाराच्या घरी जाण्याची वाट तरी तयार झाली आहे.

आता दुसरा प्रश्न: हा कान कोणाचा? आणि हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. गाण्याच्या मालकाचे नुकसान पैशाने भरून काढता येते. शेजाऱ्याची झोप पैशाने परत देता येत नाही.

१९९८ च्या जानेवारीत वृत्तपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. तिने आक्रोश केला, पण शेजारी ध्वनिक्षेपकावर मोठ्याने गाणी चालली होती आणि तिची हाक कोणालाच ऐकू गेली नाही. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. ही बातमी वाचून एका अभियंत्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १८ जुलै २००५ रोजी न्यायमूर्ती लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान ह्यांनी दिलेला ध्वनिप्रदूषणावरील प्रसिद्ध निर्णय, त्याचा उगम त्या न ऐकलेल्या हाकेत आहे. रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावयाचा, हा नियम आपल्याला पोलिसी जाच वाटतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

नियम स्वतः त्याहून जुने आहेत. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम फेब्रुवारी २००० मधील. आपल्या भागाला तर १९८५ चा मध्य प्रदेश कोलाहल नियंत्रण अधिनियमही लागू आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाल्यावरही तो येथे चालू राहिला. ह्या सर्वांचा सारांश असा. ध्वनिक्षेपक लावावयाचा तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद. बंदिस्त सभागृहात, आतल्या आत ऐकू जाईल असा, तेवढा अपवाद. राज्य सरकार सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही इतके दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते. खासगी वाढदिवसाला ती मिळत नाही. दारेखिडक्या सताड उघड्या टाकून सभागृहाला 'बंदिस्त' म्हणता येत नाही, हे सांगावयास वकील नको.

आवाजाची मापेही ठरलेली आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रुग्णालय, शाळा, न्यायालय ह्यांच्याभोवती शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. खासगी जागेत वाजणाऱ्या यंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ह्या मापापेक्षा पाच डेसिबलहून अधिक असता कामा नये. डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट झाली. म्हणून 'थोडासाच तर वाढविला' हे म्हणणे विज्ञानाला मान्य नाही.

आता आपल्या उरल्याची गोष्ट घ्या. येथे काहीजण म्हणतात, आपण औद्योगिक भागातले. रोलिंग मिल रात्रभर धडधडते, तेथे आपल्या गाण्याने काय फरक पडतो? मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. जो माणूस आठ तास लोखंडाच्या आवाजात उभा राहतो, त्याच्या कानाला उरलेल्या सोळा तासांत शांततेची गरज इतरांहून अधिक असते. आणि उरला, सिलतरा, बीरगाव ह्या पट्ट्यात आणखी एक वैशिष्ट्य आहे. कायद्याची रात्र दहाला सुरू होते आणि सहाला संपते. परंतु पाळीवर जाणाऱ्या कामगाराची रात्र कधी सकाळी आठला सुरू होते, कधी दुपारी. त्याच्या झोपेला कायद्याच्या घड्याळाचे संरक्षण नाही. डेसिबलचे माप आहे, तेवढेच. म्हणून आपल्याकडे दिवसाच्या समारंभातही आवाजाची मर्यादा पाळणे हा केवळ नियम नाही, तो शेजारधर्म आहे.

धार्मिक कार्य म्हणून येथे सूट मिळत नाही, हेही स्पष्ट करतो. गणपतीच्या मिरवणुकीला प्रताधिकाराची सवलत आहे, आवाजाची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मद्रासमधील एका प्रार्थनागृहाच्या प्रकरणात सांगून ठेवले, की इतरांची शांतता मोडून, ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. आपल्या बिलासपूरच्या उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये वाहनांवर लादलेल्या ध्वनिपेट्यांविषयी कडक आदेश दिले आणि २०२३ मध्ये डीजेच्या त्रासाची स्वतःहून दखल घेतली. धुमाल असो की डीजे, ११२ क्रमांकावर तक्रार गेली, की पोलीस येतात आणि सामान जप्त होऊ शकते. तशी वेळ कोणाच्याही मंगलकार्यात येऊ नये.

आपण तक्रार होण्याची वाट का पाहावी? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने स्वतःच काही नियम घालून घ्यावेत, अशी माझी सूचना आहे. कार्यकारिणीने त्यांचा विचार करावा.

पहिला: सभागृहाच्या भाडेकरारात संगीताचे एक कलम घालावे. लग्नाखेरीज अन्य कार्यक्रम असेल, आणि विशेषतः तिकीट, प्रायोजक किंवा व्यावसायिक वाद्यवृंद असेल, तर आवश्यक ते परवाने दाखविल्यावाचून सभागृह मिळणार नाही.

दुसरा: मंडळाच्या स्वतःच्या कार्यक्रमांत बाहेरचे कलावंत बोलाविले, तर परवान्याचा खर्च अंदाजपत्रकात आरंभीच धरावा, मांडव आणि जेवण ह्यांच्या बरोबरीने.

तिसरा: शेवटचे गाणे साडेनऊला. दहाला ध्वनिक्षेपक बंद. तोंडे आतल्या बाजूला, खिडक्या बंद, आणि ध्वनियंत्राची कळ कार्यकारिणीच्या एका सभासदाच्या हाती.

चौथा: कार्याच्या आदल्या दिवशी मंडळाच्या कोणीतरी मागच्या वसाहतीत एक फेरी मारावी. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाच्या मुलाची परीक्षा आहे, कोण रात्रपाळी करून येणार आहे, हे विचारावे. ह्यासाठी परवाना लागत नाही आणि कोणतेही कलम ते सांगत नाही. परंतु माझा अनुभव असा, की ज्या घरी आदल्या दिवशी विचारपूस झाली, त्या घरातून सहसा तक्रार होत नाही.

पाचवा आणि शेवटचा: आपल्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत गायकाबरोबर गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव छापावे, निवेदनात उच्चारावे. आपले नाव आपल्या कृतीला जोडले जावे, हा निर्मात्याचा हक्क कायद्याच्या ५७ व्या कलमाने मान्य केलेला आहे. पण मी ते कलमाखातर सांगत नाही. ऋषिऋण फेडावयाचे ते त्यांचे नाव घेऊन, अशी आपली जुनी रीत आहे.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या संसारात गाण्याचे स्थान निराळे आहे. आपली मुले शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात, अंगणात छत्तीसगढी बोलतात. मराठी त्यांच्या कानावर पडते ती आजीच्या तोंडून आणि गाण्यांतून. पुस्तक न वाचणाराही गाणे ऐकतो आणि त्यातून चार शब्द त्याच्या ओठी येतात. ज्या कवींनी आणि संगीतकारांनी परप्रांतात आपली भाषा आपल्या घरात जिवंत ठेवली, त्यांचे देणे आपण इतरांपेक्षा अधिक लागतो. आणि ज्या भूमीने आपल्याला भाकर दिली, तेथील शेजाऱ्याचे देणेही तितकेच आहे. मराठी मंडळाचा कार्यक्रम असला, की दहाला गाणे थांबते आणि सकाळी शेजारी विचारतात, 'काल काय सुंदर म्हणत होता हो!', असा लौकिक पुढील पन्नास वर्षांत आपण मिळवावा.